आधी माणूस बघा, किडा नंतर

पावसाळा तोंडावर आला की एक जुना सल्ला महाराष्ट्रातल्या घराघरांत नव्याने फिरू लागतो. रात्री काहीतरी चावलं आणि दिसलं नाही, तर घाबरून जाऊ नका. जागा धुवा, हळद-चुना लावा, कांदा चोळा, गुंगी आली तर झोपू द्या, सकाळी बघू. याच सल्ल्याला एक पुस्ती जोडलेली असते : अंथरूण झटका, किडा शोधा, सापडला तर मारून ठेवा, काय चावलं हे कळल्याशिवाय डॉक्टर तरी काय करणार?

हे सांगणारी माणसं आपल्या वाईटावर नसतात. घरातली वडीलधारी, शेजारच्या काकू, गावातला चार पावसाळे जास्त पाहिलेला माणूस अशी सगळी आपुलकीने सांगत असतात. म्हणूनच हा सल्ला टिकून आहे, आणि म्हणूनच त्याचा प्रतिवाद नीट, मुद्द्याला धरून करायला हवा. माझं म्हणणं एवढंच : चावणारा प्राणी दिसला नसेल तर त्याचा शोध घेण्यात गेलेला वेळ बहुतेकदा वाया जातो, आणि काही वेळा तो जीवावर बेततो. लक्ष ठेवायचं ते चावलेल्या माणसावर आणि घड्याळावर. काय चावलं यापेक्षा आत्ता त्याला काय होतंय आणि किती वेळात होतंय, यावर पुढचं सगळं ठरतं.

या सल्ल्याच्या मुळाशी पहिली समजूत आहे ती अशी की खूण बारीक आणि दुखणं कमी असेल तर दंश किरकोळ. ही समजूत खोटी पाडायला एकटी मण्यार पुरेशी आहे. मण्यार रात्री हिंडते. उंदीर, पाली, दुसरे साप यांच्या मागावर घरात शिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाच्या पांघरुणापर्यंत पोहोचते. तिचे दात आखूड आणि बारीक असतात. चावलेली जागा सहसा सुजत नाही, काळीनिळी पडत नाही, पुष्कळदा दुखतही नाही. खूण डास चावल्याएवढी असते, किंवा शोधूनही सापडत नाही. झोपलेला माणूस जागा होईलच असं नाही. झालाच तर काहीतरी चावलं म्हणून अंग खाजवतो आणि कूस बदलतो.

काही तासांनी पोटात जोराची कळ येते, उलटी होते. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. ओवा दिला जातो, पोटाला शेक दिला जातो. पहाटेकडे पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसू लागतात, थुंकी गिळता येत नाही, बोलणं अडखळतं, मान धरवत नाही. शेवटी श्वासाचे स्नायू काम सोडतात. एवढ्या वेळात पोटदुखीचा आणि रात्रीच्या त्या चावण्याचा संबंध कुणी जोडलेला नसतो, कारण अंथरूण झटकून पाहिलं तेव्हा काहीच सापडलं नव्हतं. मण्यारीचं विष मज्जातंतूंची टोकं निकामी करतं. ती एकदा निकामी झाली की नंतर दिलेलं प्रतिविष त्यांना लगेच सावरू शकत नाही; रुग्णाला कित्येक दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावं लागतं. वेळेवर श्वास मिळाला तर हाच माणूस चालत घरी येतो. सकाळपर्यंत थांबलं तर जे तास वाचवणारे असतात तेच हातातून जातात.

कुणी म्हणेल, हे सापाचं झालं. आपण बोलतोय किड्याविषयी. पण हीच तर अडचण आहे. ज्याला चावलं त्याला साप की किडा हे माहीतच नसतं. प्राणी न दिसता 'किडाच असणार' असं ठरवणं हा अंदाज आहे, आणि आपण तो आपल्याला धीर देणारा म्हणून निवडलेला असतो.

आता खराखुरा किडा घेऊ. गवतात, झुडपांत, शेताच्या बांधावर एक कोळीवर्गीय सूक्ष्म जीव असतो. त्याची अळी इतकी लहान की नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. ती चावते तेव्हा कळत नाही. पुढच्या एक-दोन आठवड्यांत चावलेल्या जागी काळी खपली धरते. बिडीचा चटका बसल्यासारखी ती दिसते, पण दुखत नाही. ती असते काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनाखाली, म्हणजे जिथे कुणी बघत नाही तिथे. मग ताप चढतो, डोकं आणि अंग ठणकतं. हा स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याची साथ आली तेव्हा पुष्कळांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. या आजारावर डॉक्सिसायक्लिन नावाचं जुनं, स्वस्त औषध चांगलं लागू पडतं. मात्र तापावर सरसकट दिली जाणारी पेनिसिलिनच्या जातीची अँटिबायोटिक त्यावर चालत नाहीत. निदान झालं नाही तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू यांवर आजार उतरतो आणि माणूस दगावतो. इथे घरच्यांनी किडा शोधून काय होणार होतं? तो दिसण्याजोगा नव्हता, आणि ताप आला तेव्हा जाऊन दहा दिवस झालेले होते. तपासायला हवं होतं ते रुग्णाचं अंग.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात आणि गोव्यातल्या सत्तरीत २०१५-१६ पासून गोचीड चावल्याने होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले. तिथल्या काजूच्या बागांत आणि रानात काम करणाऱ्यांनाही हाच धडा मिळाला. गोचीड चावून गळून पडलेली असते. ताप नंतर येतो. डॉक्टरला 'आठवड्यापूर्वी रानात गेलो होतो' एवढं सांगणं हे गोचीड डबीत भरून नेण्यापेक्षा अधिक उपयोगाचं असतं.

दुसरी समजूत पहिलीच्या उलट बाजूने येते : ज्याचं दुखणं मोठं त्याचं विष मोठं. विंचवाच्या बाबतीत ती सर्रास ऐकू येते. मोठा काळा विंचू डसला की माणूस रात्रभर तळमळतो, पण त्याच्या विषाने जीव जाण्याची भीती फार कमी असते. लहान चणीचा लाल विंचू डसल्यावर मात्र पोरगं रडायचं थांबलं, तर घरच्यांना वाटतं की विष उतरलं. खरं तर कधीकधी त्याच वेळी विष हृदयापर्यंत पोहोचत असतं. उलट्या, दरदरून घाम, तोंडातून लाळ, बर्फासारखे गार हातपाय, मुलग्यांमध्ये लिंग ताठरणं ही त्याची लक्षणं आहेत. शेवटचं लक्षण संकोचापायी घरचे डॉक्टरला सांगत नाहीत, आणि नेमकं तेच सांगण्यासारखं असतं. विषामुळे शरीरात ताण वाढवणाऱ्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं.

हे आपल्याला कसं कळलं, हे या वादात फार महत्त्वाचं आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर विंचूदंशाची मुलं डोळ्यांदेखत जाताना पाहत होता. त्या वेळच्या पुस्तकांत उपाय नव्हता. त्यांनी रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची ऊब, श्वास यांची तासातासाने नोंद ठेवली. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला तो लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयाचा धोका आधीच सुचवणाऱ्या लक्षणांविषयी. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध त्यांनी या रुग्णांना देऊन पाहिलं. ज्या दंशात शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत असं सांगितलं जाई, तिथे वेळेवर उपचार मिळालेल्यांत ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. कोकणातल्या एका आरोग्य केंद्रातून निघालेलं हे ज्ञान आता जगभरच्या वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं हे सगळं ज्ञान माणसाकडे टक लावून बघण्यातून आलं होतं. विंचू मारून आणणारे नातेवाईक त्याच्या कितीतरी आधीपासून होते. त्यांनी आणलेल्या विंचवांनी कुणाचा जीव वाचला नव्हता.

तिसरी समजूत शहरात जास्त आहे, आणि मोबाइलने तिला बळ दिलं आहे. अंगावर फोड आला, चट्टा उठला, जखम चिघळली, की कोळी चावला. त्यासोबत कुजलेल्या कातडीचे भयंकर फोटो येतात. स्वच्छतागृहातल्या आसनाखाली लपलेल्या विषारी कोळ्याची एक गोष्ट तर गेली वीसहून अधिक वर्षं जगभर फिरते आहे. त्यात नाव घेतलं जातं ते टेलामोनिया डिमिडियाटा या कोळ्याचं. हा आपल्याकडे, आशियातल्या झाडाझुडपांत राहणारा, उड्या मारून भक्ष्य पकडणारा छोटा कोळी आहे आणि माणसाला निरुपद्रवी आहे. ती गोष्ट बनावट असल्याचं केव्हाच दाखवून दिलेलं आहे.

कातडी कुजवणारा कोळी जगात आहे. ब्राऊन रेक्लुज हा त्यातला सर्वांत बदनाम, आणि तो राहतो अमेरिकेच्या मध्य व दक्षिण भागात. त्याच्याही बदनामीत अतिशयोक्ती किती, हे कॅन्ससमधल्या एका घराने दाखवलं. तिथे सहा महिन्यांत या जातीचे २,०५५ कोळी पकडले गेले. त्या घरात एक कुटुंब वर्षानुवर्षं राहत होतं आणि त्यातल्या कुणालाही कोळी चावल्याचा पुरावा मिळाला नाही. ऑस्ट्रेलियात संशोधकांनी ७५० अशा दंशांचा पाठपुरावा केला, ज्यांत कोळी खरोखर पकडलेला होता आणि तज्ज्ञांनी ओळखलेला होता. त्यांपैकी एकाही दंशात कातडी कुजली नाही. कोळी माणसाचं रक्त पीत नाही. माणसाला चावण्यात त्याचा काही लाभ नाही. कपड्यात किंवा बुटात चेपला गेला तरच सहसा तो चावतो. सह्याद्रीतले मोठे केसाळ कोळी चावले तर ठणका लागतो, स्नायूंत गोळे येतात, तेव्हा डॉक्टरकडे जावंच. पण भिंतीवर रात्री दिसणारा तळहाताएवढा चपटा कोळी झुरळं खाऊन घर साफ ठेवत असतो.

कोळ्यावर खापर फोडण्याने नुकसान होतं ते असं की खरा आजार झाकला जातो. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती येणारा, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा, मुंगीसारखा लांबट भुंगेरा मानेवर किंवा हातावर बसतो. तो चावत नाही. आपण त्याला चिरडतो तेव्हा त्याच्या अंगातलं दाहक द्रव्य कातडीवर पसरतं आणि दुसऱ्या दिवशी चाबूक ओढल्यासारखी जळजळती रेघ उमटते. 'कोळी मुतला' असं त्याला म्हटलं जातं. त्याला फुंकर मारून उडवणं आणि जागा साबणाने धुणं एवढाच उपाय पुरतो, आणि नेमका तोच होत नाही. नागीण हा तर दंश नव्हेच. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दबा धरून बसलेला असतो, तोच उतारवयात किंवा अशक्तपणात उसळतो आणि कमरेवर, छातीवर, कपाळावर एका बाजूला फोडांचा पट्टा उठतो. त्यावर विषाणूविरोधी औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं. ते तीन दिवस काव लावण्यात आणि 'नागिणीची दोन तोंडं मिळाली तर माणूस मरतो' या भीतीत जातात. डोळ्याजवळची नागीण अशा दिरंगाईने दृष्टी नेऊ शकते.

आणि सर्वांत मोठा झाकला जाणारा आजार म्हणजे साधा जंतुसंसर्ग. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायावर लाल, गरम, वाढत जाणारी सूज आली की घरात विचारलं जातं, काय चावलं? बहुतेक वेळा काहीच चावलेलं नसतं. भेगेतून, खरचटण्यातून, फुटलेल्या गळवातून जंतू आत गेलेले असतात. कोळ्याच्या शोधात चार दिवस गेले की तो संसर्ग मांसापर्यंत उतरतो आणि बोट, कधी पाऊल कापावं लागतं. महाराष्ट्रात मधुमेहाचे रुग्ण घरोघर आहेत, म्हणून हे पुन्हा सांगतो : मधुमेह्याच्या पायावरची वाढती लाली हे कुणाच्याही चावण्याचं लक्षण मानू नका, त्याच दिवशी दाखवा.

कोळ्याच्या भीतीचं टोक आसाममधल्या सदियात २०१२ साली दिसलं. केसाळ कोळ्यांच्या दंशाने माणसं मेली, अशी बातमी जगभर गेली. मृत्यू कोळ्याच्या विषानेच झाले हे कधी सिद्ध झालं नाही. मात्र त्या माणसांना आधी मांत्रिकाकडे नेलं होतं आणि ब्लेडने कापून रक्त काढलं होतं, हे त्या वेळच्या बातम्यांत नोंदलेलं आहे. अपाय किड्याने केला की उपायाने, हा प्रश्न तिथे विचारावाच लागतो.

इथून आपण सगळ्यांत भक्कम वाटणाऱ्या युक्तिवादाकडे येतो : आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात आणि माणसं बरी झाली आहेत. झाली आहेत, हे मान्य. पण कशाने? डास, ढेकूण, मुंगी, पिसू, गांधीलमाशी यांचे बहुतेक दंश काहीही न लावता बरे होतात. आपल्याकडच्या बहुतेक जातींचे साप बिनविषारी आहेत. विषारी सापही कित्येकदा चावताना विष सोडत नाही. हळद लावली काय, चिंचोका घासून लावला काय, मंत्र म्हटला काय, ही माणसं बरी होणारच होती. श्रेय उपायाला मिळालं. जे गेले त्यांच्याबाबत मात्र 'त्याची वेळ भरली होती' असं म्हटलं गेलं. ज्या हिशेबात बरे झालेले उपायाच्या खाती आणि मेलेले नशिबाच्या खाती जमा होतात, त्या हिशेबात कुठलाही उपाय कधी चुकू शकत नाही. पिढ्यांचा अनुभव म्हणून आपल्या हाती येतं ते असं निवडलेलं अर्धं खातं.

शिवाय हे उपाय निरुपद्रवी नसतात. चुन्याने कातडी भाजते. दंशाच्या वर दोरी करकचून आवळली की हाताचा-पायाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि अवयव गमावण्याची वेळ येते. घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाचं रक्त गोठत नाही. अशा माणसाला ब्लेडने चिरा दिल्या तर त्या वाहतच राहतात. तोंडाने विष ओढण्याने विष बाहेर येत नाही, फक्त जखमेत जंतू जातात. सगळ्यांत मोठा अपाय वेळेचा. सर्पदंशाने भारतात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख माणसं मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्याआधीच्या देशव्यापी पाहणीत असं दिसलं की या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णालयाबाहेर झाले. माणसं घरी, वाटेत, वैदूच्या ओट्यावर गेली. महाराष्ट्राने २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा ठरवला तो या कारणाने. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी अनेक वर्षं झगडा दिला. घरातल्या वडीलधाऱ्यांवर हा कायदा उगारावा असं मी म्हणत नाही. पण जे करायला मांत्रिकाला बंदी आहे, ते आपण प्रेमापोटी का करावं?

आता त्या पुस्तीकडे : प्राणी कळल्याशिवाय डॉक्टर काय करणार? उत्तर असं की डॉक्टरला तो लागत नाही. आपल्याकडचं सर्पदंशावरचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकत्रच चालतं. विषाने रक्त बिघडलं का, हे पाहायला काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन ते २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर उत्तर मिळालं. ही चाचणी तालुक्याच्या ठिकाणीच काय, प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. पापण्या, गिळणं, श्वास यांवरून मज्जातंतूंवरचं विष कळतं. लाल विंचवाचं विष घाम आणि गार हातपाय सांगतात. अंधारात काठी घेऊन बिळात हात घालणाऱ्याला दुसरा दंश होतो, आणि मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ चावू शकतं. समोर दिसला आणि दुरून फोटो निघाला तर ठीक. त्यासाठी एक मिनिटही थांबू नका.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो खरा आहे. उठसूट दवाखाना परवडत नाही. वाडीवरून आरोग्य केंद्र लांब, रात्री गाडी नाही, पोहोचलं तर 'लस संपली' म्हणून पुढे पाठवतात. मजुरी बुडते ती वेगळी. डास चावला म्हणून कुणी सिव्हिलला धावावं असं माझं म्हणणं नाहीच. उलट, प्रत्येक दंशाला घाबरून चालत नाही म्हणूनच कोणत्या दंशाला धावायचं हे ठाऊक असायला हवं. ते किड्याच्या नावावरून कळत नाही, माणसाच्या अंगावरून कळतं.

म्हणून हे क्रमाने लक्षात ठेवावं. काही चावलं की जागा साबण-पाण्याने धुवा, सूज चढण्याआधी अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा, गार पाण्याची पट्टी ठेवा. मधमाशीचा काटा अडकला असेल तर तो नखाने पटकन काढा. चट्ट्याच्या कडेने पेनाने रेघ ओढा आणि वेळ लिहा. सूज वाढतेय की उतरतेय हे मग डोळ्यांनी दिसतं. पहिल्या तासात अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, घसा दाटला, श्वासात घरघर आली, चक्कर आली, तर ती जीवघेणी अ‍ॅलर्जी आहे. तिला अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि मिनिटं मोजकी असतात. पहिल्या काही तासांत घाम, उलटी, गार हातपाय दिसले तर विंचू डसला असं धरून चाला. दंशाची जागा झपाट्याने सुजली किंवा हिरड्यांतून, लघवीतून रक्त आलं, तर सापाचा विचार करा. जमिनीवर झोपलेला माणूस रात्री पोटदुखीने उठला, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर खूण असो वा नसो, सापच समजा. अशा वेळी १०८ ला फोन करा, माणसाला चालवू नका, दंशाचा अवयव हलू देऊ नका, आणि वाटेत कुणाकडेही थांबू नका. साप असण्याची शंका असेल तर लक्षण नसतानाही २४ तास डॉक्टरच्या देखरेखीत काढावेत. पुढच्या दोन-तीन दिवसांत लाली रेघेच्या बाहेर पसरली, पू झाला, ताप आला, तर तो जंतुसंसर्ग. आणि त्यानंतरच्या तीन आठवड्यांत ताप चढला तर शेत, गवत, रान यांत गेल्याचं डॉक्टरला आपणहून सांगा आणि अंगावर काळी खपली आहे का ते बघायला सांगा.

किड्याशी झगडायचंच असेल तर ते चावण्याआधी करावं. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचणं, याने डासांबरोबर मण्यारही बाहेर राहते. नेपाळच्या तराईतल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचं दिसलं आहे. सरपण आणि विटांचे ढीग भिंतीपासून दूर ठेवावेत, बूट घालण्याआधी झटकावेत, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पाय ठेवू नये.

हे घराने करायचं. सरकारने करायचं ते वेगळं आहे, आणि त्याची मागणी आपण घरगुती सल्ल्याइतक्याच आग्रहाने करायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. तो कागदावरून उतरायचा असेल तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत प्रत्येक आरोग्य केंद्रात प्रतिविष, प्राझोसिन, अ‍ॅड्रिनॅलिन आणि डॉक्सिसायक्लिन असायला हवं, रात्री ते देणारा डॉक्टर हवा, आणि श्वास थांबलेल्या रुग्णाला पुढच्या रुग्णालयापर्यंत जिवंत नेता येईल अशी गाडी हवी. ग्रामसभेत रस्त्याविषयी, पाण्याविषयी विचारतो तसंच हेही विचारावं : आपल्या केंद्रात आज किती कुप्या आहेत? 'सकाळी बघू' म्हणणाऱ्या आजीला चूक ठरवणं सोपं आहे. तिने तो सल्ला शिकला तेव्हा रात्री दार उघडणारं आरोग्य केंद्र तिच्या आसपास नव्हतं. आज उपचार आहेत, विंचवाच्या दंशावरचा तर महाराष्ट्रातल्याच एका आरोग्य केंद्रात शोधला गेला आहे. रात्री-अपरात्री ते हाताशी असतील, याची जबाबदारी सरकारची. आणि ते असताना माणसाला अंथरुणावर ठेवून किडा शोधत बसायचं नाही, ही जबाबदारी आपली.